उधारीचे पाय

माझ्या वहीतल्या एका पानावर एक गृहस्थ बसलेत. प्रतीक्षालयातलं लांब बाकडं, मांडीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र, नाकावर घसरलेला चष्मा आणि वाचता वाचता किंचित उघडं राहिलेलं तोंड. इथपर्यंत सगळं त्यांचंच आहे. गुडघ्यांच्या खाली मात्र ते दुसऱ्याच कोणाचे आहेत. झालं असं की त्यांची गाडी लागली, ते उठले, पेपर काखेत मारून चालू पडले आणि माझ्या कागदावर त्यांचा वरचा भाग तेवढा राहिला. मिनिटभरात त्याच जागी एक तरुण येऊन बसला. त्यानं पाय लांब पसरले, घोट्याशी एकमेकांत अडकवले. मी फारसा विचार न करता ते पाय आजोबांना लावून टाकले.

त्यामुळे सत्तरीला टेकलेला हा माणूस खालून पंचविशीतला आहे. नीट बघितलं तर कळतं. वरून ते अंग चोरून बसलेत आणि खालून अख्खं प्रतीक्षालय आपलंच असल्यासारखे ऐसपैस पसरलेत. तरी एक जण सोडला तर बघणाऱ्यांपैकी कोणी आजवर बोट ठेवलेलं नाही. मला ते पान आवडतं, आणि त्याची थोडी लाजही वाटते.

सार्वजनिक जागी बसून माणसं काढणाऱ्या कोणालाही विचारा, पहिलं गाऱ्हाणं हेच असतं. माणूस उठून जातो. झाड जात नाही, इमारत जात नाही, वर्गात मॉडेल म्हणून बसलेला माणूससुद्धा वेळ संपेपर्यंत जागा सोडत नाही. बाकड्यावरचा माणूस तुमच्यासाठी बसलेलाच नसतो. तो गाडीसाठी, नंबरासाठी, कोणाच्या तरी येण्यासाठी बसलेला असतो. ते आलं की हा गेला. सांगून कशाला जाईल? पण लक्षणं दिसतात. पिशवीचे बंद मुठीत येतात, नजर घड्याळाकडे जाते आणि मग पाय, जे इतका वेळ पुढे होते, ते बाकाखाली ओढले जातात. उभं राहायचं तर अंगाचा भार पावलांवर आणावा लागतो, म्हणून पावलं आधी मागे येतात. पाय आत गेले की आपल्या हातात चार-पाच सेकंद. हे ध्यानात यायला मला एक अख्खी वही खर्ची घालावी लागली.

देलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराचं एक बोलणं कवी बोदलेअरनं नोंदवून ठेवलंय, 1863 साली, देलाक्रवा गेल्यानंतर लिहिलेल्या लेखात. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून उडी टाकलेला माणूस जमिनीवर पोचायच्या आत ज्याला त्याचं रेखाटन करता येत नाही, त्याच्या हातून मोठी चित्रं कधी होणार नाहीत, अशा अर्थाचं. चौथा मजला बारा ते पंधरा मीटर उंचीवर धरला तर दीड ते पावणेदोन सेकंद मिळतात. हा हिशेब मी खरोखर मांडला होता. तेव्हा मला एक बसलेला माणूस काढायला चाळीस मिनिटं लागायची आणि आपल्याला काही आशा आहे का, ते बघायचं होतं. नव्हती.

चाळीस मिनिटं लागायची कारण मी सुरुवात चेहऱ्यापासून करायचे. चेहऱ्यातही डोळ्यापासून. पापणी, पापणीवरची घडी, भुवईचे केस. हे सगळं मन लावून होईपर्यंत त्या माणसानं मान वळवलेली असायची. माझी पहिली वही उघडलीत तर पानापानावर एकेक डोळा दिसेल, शेजारी कोणी नाही, खाली काही नाही. अंगावर काटा येतो. 

मग एकदा लांबच्या फलाटावर माझी मैत्रीण पाठमोरी उभी दिसली आणि मी तिला हाक मारली. हाक मारल्यावर लक्षात आलं, की तिचं नाक, डोळे, तोंड काहीच दिसत नव्हतं. मग मी ओळखलं कशावरून? उजवा खांदा थोडा खाली, मान त्याच्या उलट्या बाजूला झुकलेली आणि सगळा भार डाव्या पायावर. एवढ्यावरून. त्या दिवसापासून कानामागून उतरून खांद्याला मिळणारी रेघ मी सगळ्यात आधी काढते. ती साधली की माणूस अर्धा हाती लागतो. त्यानंतर बघायचं, हा बसलाय कशावर? दोन्ही बाजूंना सारखा भार टाकून फार थोडे लोक बसतात. कोणी एका कुल्ल्यावर, कोणी कोपरावर, कोणी पूर्ण पाठीवर रेललेला. तो भार जिथे पडतो तिथली रेघ पेन दाबून काढायची. मग हात, मग हातातली वस्तू. चेहरा सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर. आणि गंमत अशी की मागचं सगळं बरोबर आलं असेल तर चेहऱ्याला तीन-चार ठिपकेही पुरतात.

मुलांच्या बाबतीत मी बरीच वर्षं फसत होते. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण सात ते साडेसात पट, हे शिकलेलं डोक्यात पक्कं. त्यामुळे माझी सगळी मुलं लहान मापाच्या कपड्यांतली मोठी माणसं दिसायची, हिशेबनीस वगैरे. वर्षाच्या बाळाची उंची त्याच्या डोक्याच्या जेमतेम चौपट असते. मान जवळपास नसतेच. आणि मूल एका जागी बसत नाही ही तक्रार खरी असली, तरी ते फिरून फिरून त्याच दोन-तीन आसनांवर येतं.

मोठेही येतात. ही खरं तर या खेळातली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे आणि मला ती कोणी आधी सांगितली नव्हती. फोन बघणारा माणूस डोकं वर करतो, हात बदलतो, पाय हलवतो, आणि दोन मिनिटांनी पुन्हा पहिल्यासारखा बसतो. अंगाला सवयीचे खाचे असतात, ते त्यात जाऊन बसतं. म्हणून त्यानं हालचाल केली की चरफडत बसायचं नाही. त्याच पानावर शेजारी दुसरं रेखाटन सुरू करायचं. तो परत पहिल्या आसनात आला की आपणही पहिल्याकडे परतायचं. असं करत एका पानावर एकाच माणसाचे चार अवतार अर्धेमुर्धे होत जातात आणि त्यातला एखादा पुरा होतो.

पेन्सिल का वापरत नाही, असं लोक विचारतात. पेन्सिलीबरोबर खोडरबर येतो, खोडरबराबरोबर शंका येते, आणि खोडून होईपर्यंत माणूस गाडीत चढलेला असतो. शाईची रेघ चुकली की चुकली. तिच्या शेजारी दुसरी काढायची. माझ्या कित्येक माणसांना दोन-दोन खांदे आहेत. आधी मला ते खुपायचं. आता मी ते दोन खांदे बघते आणि मला आठवतं, की हा माणूस अधूनमधून मागे वळून दाराकडे बघत होता.

शाईनं मला छळलंही पुष्कळ. एका वाचनालयात समोरच्या टेबलावर एक बाई तळहातावर हनुवटी टेकवून वाचत होत्या. वीस मिनिटं हलल्या नाहीत. तोवरच्या माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली रेघ त्या दिवशी उमटली होती, कपाळापासून हनुवटीपर्यंत एका दमात. मग मी ब्रश पाण्यात बुडवला आणि गालावर हलकासा रंग टेकवला. नाकाची रेघ सुटली. निळसर काळा ओघळ गालावर पसरला, तो टिपायला गेले तर ओठही त्याच्यात मिसळले. काही सेकंदांत त्या धडधाकट बाई आठ दिवस तापानं फणफणल्यासारख्या दिसायला लागल्या. त्या मात्र समोर शांतपणे पान उलटत होत्या.

घरी आल्यावर शोधाशोध केली तेव्हा कळलं, की साध्या फाउंटन पेनाच्या बहुतेक शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. वाळल्यावरही पाणी मिळालं की तो पुन्हा सुटतो. जलरंगाखाली टिकायला कणांची शाई लागते, म्हणजे जिच्यात काजळीसारखे रंगकण तरंगत असतात आणि वाळताना कागदाच्या धाग्यांत घट्ट बसतात. एवढं कळल्यावर मी हुशारी केली. दुकानातून चित्रकलेची काळीकुट्ट इंडिया इंक आणली आणि फाउंटन पेनात भरली. त्या शाईत बऱ्याचदा लाख असते. टाकानं काढणाऱ्याला तिचा काही त्रास नाही, टाक धुतला की झालं. फाउंटन पेनात मात्र ती निबेखालच्या बारीक खाचांत वाळून बसली. कोमट पाण्यात दोन रात्री ठेवूनही पेन सुधारलं नाही. ते अजून ड्रॉवरमध्ये आहे, टाकवत नाही. फाउंटन पेनात चालणारी, बारीक कणांची टिकाऊ शाई वेगळी मिळते. तीही पेनात वाळू द्यायची नाही, अधूनमधून पेन धुवायचं. आणि कागद गुळगुळीत असेल किंवा हवा दमट असेल तर ती वाळायलाही वेळ घेते. मी वहीच्या शेवटच्या पानावर एक रेघ मारते, मिनिटभर थांबते आणि ओलं बोट फिरवते. शेवटची पानं अशा बोटांच्या डागांनी भरलीत.

त्या तापकरी बाईंचं पान मी फाडलं नाही. सहा-सात महिन्यांनी पुन्हा बघितलं तेव्हा हनुवटीखाली शाई पसरून जी सावली झाली होती, ती मला जाणूनबुजून कधी जमली नव्हती, इतकी मऊ होती. तेव्हापासून दोन पेनं जवळ असतात. एक टिकणाऱ्या शाईचं, एक सुटणाऱ्या. आकार पहिल्यानं काढायचा. हनुवटीखाली, टोपीच्या कडेखाली, बाकड्याच्या पोटात दुसऱ्यानं चार रेघा मारायच्या आणि ओला ब्रश टेकवायचा. सावली आपली आपण तयार होते. सुटणाऱ्या बऱ्याच शाया उजेडात टिकत नाहीत, ही त्यांची खोड आहे. व्हॅन गॉगच्या काही पेनच्या चित्रांतली जांभळी शाई आज तपकिरी दिसते. पण बंद वहीतल्या सावल्यांना उजेड कुठे लागतोय?

रंगांबद्दल मी कमी बोलते, कारण माझ्याजवळ रंगच कमी आहेत. तळहाताएवढी डबी, तिच्यात बारा वड्या. त्यातल्या पाच-सहा खरोखर झिजतात. सगळ्यात आधी संपतात अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, म्हणजे भाजलेल्या मातीचा तांबूस तपकिरी. हे दोन एकमेकांना मारतात. एकत्र आले की निळ्याकडे झुकणारा राखाडी, तपकिरीकडे झुकणारा राखाडी आणि पाणी कमी घेतलं तर जवळपास काळा, इतकं सगळं त्या दोघांतून निघतं. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, वाळल्यावर पोत खरखरीत दिसतो. जुन्या कोटाला, कळकट भिंतीला याहून चांगलं काही नाही.

कातडीच्या रंगाची आयती ट्यूब मिळते. ती ज्यानं काढली त्यानं एकच माणूस बघितला असावा. सावळ्या कपाळावर ट्यूबलाइटचा उजेड पडला की तिथे चक्क फिकट निळा दिसतो. नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, बोटांची पेरं बाकी कातडीपेक्षा लालसर असतात, कारण तिथे रक्त वरच्या वर असतं. मी पिवळी माती, लाल आणि बर्न्ट सिएना कमी-जास्त करत कागदावरच एकमेकांत सोडते, ओल्यात ओलं. पांढऱ्या शर्टाला तर रंगच नाही. शर्ट सोडून आजूबाजूचं सगळं रंगवायचं. म्हणजे माणूस रंगवायचा तर आधी त्याच्या मागची भिंत रंगवायची, आणि तेवढ्यात तो उठला तर पानावर भिंतीत माणसाच्या आकाराचं एक भोक राहतं. अशी भोकंही माझ्याकडे चार-पाच आहेत.

एक नेम मात्र मी पाळते. निदान एक रंग जागेवरच लावायचा. सगळा रंग घरी नेला की तो घरचा होतो. माझ्या हाताला सवयीचे जे हिरवे-निळे आहेत, तेच सगळ्यांच्या अंगावर चढतात. एकाचा मफलर तिथे पोपटी होता म्हणून पानावरही पोपटी आहे. घरी मी तो कधीच पोपटी केला नसता, शोभत नाही म्हणून शेवाळी केला असता.

आता बघण्याबद्दल. अनोळखी माणसाकडे एकटक बघायचं नसतं हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. ते मोडायला मला शाईपेक्षा जास्त काळ लागला. आपण बघतोय हे माणसांना फार लवकर कळतं. मग मी त्यांच्या मागचं घड्याळ बघितल्यासारखं करते. हे नाटक कोणाला फसवत नाही. पकडली गेले की हसते आणि वही उलटी करून दाखवते. बहुतेक जण आधी स्वतःचे केस सारखे करतात, चित्रातले बिघडलेले असूनसुद्धा. एका काकूंनी वही हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “पिशवी छान आलीय.” खरंच छान आली होती, बाकीच्याबद्दल त्यांनी दया दाखवली.

आणि ते दुसरे. त्या आजोबांना ज्याचे पाय लावले तो. तो फोनमध्ये गुंग आहे असं समजून मी निवांत त्याच्या बुटांच्या नाड्या काढत होते. एका बुटाला पांढरी, दुसऱ्याला मळकट लाल. नाडी तुटल्यावर घरात मिळाली ती ओवलेली असणार. ते मला इतकं आवडलं, की मी लाल रंग तिथल्या तिथे लावला. मान वर केली तर हा शेजारी उभा.

“हे माझे बूट आहेत,” तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

“वरचे कोण?”

मी सांगितलं. आधी इथे एक आजोबा होते, त्यांची गाडी आली, पाय राहिले. त्यानं पुन्हा पानाकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे.

“मग माझं वरचं कधी काढणार?”

मी लगेच नवं पान उघडलं. तो जागेवर जाऊन बसला, पण आता तो बसला नव्हता, फोटोला बसतात तसा बसला होता. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, चेहऱ्यावर ठेवणीतलं हसू. पाय आत. ज्या माणसाचे ते पाय होते तो निघूनच गेला होता. मी तीन-चार रेघा मारल्या, एकही त्याची नव्हती. तेवढ्यात त्याचीही गाडी लागली. जाताना त्यानं दुरून हात केला. त्या नव्या पानावर मान आणि खांद्यामधली एक कडक, सरळ रेघ आहे. मी एवढी सरळ रेघ एरवी काढत नाही.

वॉकर इव्हान्स नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोर बसलेल्या प्रवाशांचे फोटो काढले. कॅमेरा कोटाच्या आत, भिंग बटणांच्या मधून बाहेर, बटण दाबायची तार बाहीतून हातात. कोणालाही पत्ता नाही. ते फोटो पुस्तकरूपात यायला 1966 साल उजाडलं. मी ते बघते तेव्हा माझी चलबिचल होते. इतके उघडे चेहरे त्याशिवाय मिळाले नसते हे कबूल, पण कॅमेरा एका क्षणात अख्खा माणूस उचलतो, नाड्यांसकट. माझ्या हाती कोणीच अख्खं लागत नाही. कोणाची मान, कोणाचा मफलर, कोणाचे पाय. माझ्या पानावरच्या माणसाला रस्त्यात कोणी ओळखेल अशी भीती नाही. या विचारानं मी बराच काळ स्वतःची समजूत घातली होती.

मग एका रुग्णालयात, आमच्याच घरच्या कोणासाठी तरी थांबले असताना, सवयीनं वही बाहेर काढली. समोरच्या खुर्चीत एक बाई. दोन्ही हात मांडीवर उताणे, बोटं अर्धी मिटलेली, जणू कोणीतरी हातातून काहीतरी नुकतंच उचलून नेलंय. मान सैल. चित्र म्हणून बघाल तर सगळं होतं. मी कानामागची रेघ काढली, खांद्यापर्यंत आणली. मग मला दिसलं की त्या रडताहेत, आवाज न करता, आणि त्यांना पुसायचंही भान नाही. मी पेनाला टोपण लावलं. कोणी मला बघितलं नव्हतं, कोणी काही म्हणालं नव्हतं. माझे कान मात्र तापले होते.

हेन्री मूर या शिल्पकाराबद्दल त्यानंतर केव्हातरी वाचलं. 1940 च्या सप्टेंबरात लंडनवर रात्रंदिवस बॉम्ब पडत होते आणि लोक भुयारी रेल्वेच्या फलाटांवर पथाऱ्या टाकून झोपत होते. मूरनं ते बघितलं आणि पुढचे कितीतरी महिने तो तिथे जात राहिला. त्यानं केलेली रेखाटनं पेन, शाई, मेणखडू आणि जलरंगातली आहेत. मेणखडूवर पाणी ठरत नाही, त्यामुळे वरून गडद वॉश दिला की मेणाच्या रेघा उजळ उरतात, अंधारात पांघरुणाच्या घड्या दिसाव्यात तशा. पण ही चित्रं त्यानं तिथे बसून काढलेली नाहीत. झोपलेल्या, कपडे बदलणाऱ्या, मुलांना थोपटणाऱ्या माणसांसमोर वही उघडून बसणं त्याला शक्य वाटलं नाही. तो आडोशाला जाऊन दोन-चार शब्द टिपायचा, फार तर एखादी खूण, आणि दुसऱ्या दिवशी घरी आठवणीतून काढायचा.

त्या रुग्णालयातल्या बाईंना मी आठवणीतूनही काढलेलं नाही. हात आठवतात.

तर अशी सगळी तयारी झाल्यावर उधारीच्या पायांची लाज कशासाठी, असं कोणी विचारेल. त्याला कारण एक सिएटलचा माणूस. गॅब्रिएल कँपानारियो हा तेव्हा तिथला पत्रकार आणि चित्रकार. 2007 साली त्यानं जागेवर बसून आपापली शहरं काढणाऱ्या लोकांना इंटरनेटवर एकत्र आणलं. त्यातून ‘अर्बन स्केचर्स’ ही जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. त्यांचा एक छोटा जाहीरनामा आहे. समोर दिसतंय ते प्रत्यक्ष बघून काढायचं आणि जे पाहिलं त्याच्याशी इमान राखायचं, असं त्यात आहे. मी त्यांची सभासद वगैरे नाही, पण ते वाचल्यावर पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर लाल नाडी आली. म्हणजे माझी साक्ष खोटी. हे आजोबा असे कधी बसलेच नव्हते.

यावर मी स्वतःशी पुष्कळ वकिली केली. दोमिए या फ्रेंच चित्रकाराला साक्षीला बोलावलं. त्याचं ‘तिसऱ्या वर्गाचा डबा’ हे रेल्वेतल्या प्रवाशांचं चित्र जगाला माहीत आहे. मला त्याची 1864 ची जलरंगातली आवृत्ती जास्त भावते, बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयातली. दाटीवाटीनं बसलेली, एकमेकांकडे न बघणारी माणसं. दोमिए माणसाला समोर बसवून काढण्यापेक्षा आठवणीवरच जास्त विसंबायचा. त्या डब्यातली माणसं एका दिवशी, एका गाडीत, त्या क्रमानं बसलेली असतील असं मला वाटत नाही. कुठून कुठून गोळा केलेली असणार. मग त्याला चालतं ते मला का नाही? उत्तर सोपं आहे आणि मला आवडत नाही. दोमिए विसंबायचा ते त्याच्या आत साठलेल्या शेकडो पायांवर. मी रिकामी जागा दिसली म्हणून पहिले आले ते पाय चिकटवले. त्यात आळस होता.

आणि तरीही पान मला आवडतं. आजोबांचा पाय कसा होता ते मला आठवत नाही, कारण मी बघितलाच नव्हता. मी वरून सुरुवात करते, खाली येईपर्यंत वेळ संपतो. माझ्या वह्यांमध्ये पावलं फार कमी आहेत. असली तर धुक्यात उभी असल्यासारखी.

म्हणून या वर्षी उलट्या बाजूनं सुरू केलंय. आधी बूट. टाच किती झिजलीय, कुठल्या बाजूनं झिजलीय, पाऊल पूर्ण टेकलंय की चवड्यावर आहे. मग पोटरी, मग गुडघा, आणि वर जायला मिळालं तर वर. मान-खांद्याची लाडकी रेघ अर्ध्या वेळा हातची जाते. मन कासावीस होतं, पण पाय तरी ज्याचे त्याचे येतात.

गेल्या आठवड्यात त्याच प्रतीक्षालयात, त्याच बाकड्यासमोर बसले होते. एका बाईंचे कॅनव्हासचे बूट काढले, जाड तळव्यांचे, डावा थोडा आत वळलेला. फरशीवरची सावली सुटणाऱ्या शाईनं केली, राखाडी रंगही लावला. घोट्यापर्यंत आले आणि त्या उठल्या. पानावर नुसते बूट, वरची जागा मोकळी. मी वही मिटत होते तेवढ्यात त्या जागेवर एक मुलगी चढून बसली. चढूनच, कारण बाक तिच्या छातीएवढं होतं. मोठं डोकं, मान नाहीच, पोट पुढे. तिनं इकडेतिकडे बघितलं, मग सरळ माझ्याकडे, आणि ती बघतच राहिली. लहानपणीचं ते शिकवणं तिच्यापर्यंत अजून पोचलं नव्हतं. मीही बघत राहिले. 

वरून काढत आले. डोकं, गाल, फ्रॉकचा घोळ, गुडघे, मोजे. तिचे पाय फरशीच्या बरेच वर, हवेत संपत होते. मी ते तिथेच संपवले. खाली बाईंचे राखाडी बूट फरशीवर होते तसे आहेत, डावा थोडा आत वळलेला, आणि त्यांच्या वर वीतभर अंतरावर दोन छोटे पाय लोंबकळताहेत. उजवा जरा धूसर आलाय. ती तो हलवत होती.